अंगणात भरलेली शाळा : ताराबाई मोडक

बालवाडीत मूल नुसते खेळते, मग शिकते काय, अशी तक्रार आपण पालक नेहमी करतो. या तक्रारीला उत्तर देण्यात एका बाईंनी आयुष्य वेचले, आणि तेही आपल्यापासून फार दूर नाही. वसईहून गाडीने डहाणू गाठावे, तेथून पुढे समुद्राकाठी बोर्डी लागते. ताराबाई मोडक यांचे मोठे काम तेथे उभे राहिले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या वकिलांशी त्यांचा विवाह झाला, पण १९२१ मध्ये ते विभक्त झाले. त्या काळी बाईमाणसाला हे किती जड गेले असेल याची कल्पना करावी. पुढे राजकोटला महिला अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य म्हणून त्यांनी काम केले. ती मानाची नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला.

दोघांवर प्रभाव होता तो डॉ. मारिया माँटेसरी यांचा. या इटालियन कॅथलिक डॉक्टर बाईंनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले होते. मुलाला हात लावू द्या, उचलू द्या, ओतू द्या, ते आपले आपण शिकेल, ही त्यांची शिकवण. परंतु गरिबांसाठी निघालेली ही पद्धत आपल्या देशात महागड्या साधनांमुळे श्रीमंतांची होऊन बसली. मुंबईत दादरला शिशुविहार चालवताना ताराबाईंना हीच गोष्ट सलत होती.

म्हणून १९४५ साली, त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. गावात बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतील मुले येईनात. कपडे नाहीत, आंघोळ नाही, शिवाय वरच्या जातींच्या मुलांत बसायचे कसे? तेव्हा ताराबाईंनी शाळाच उचलून वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखे कापायची, मग गाणी आणि खेळ. साधने दुकानातून आणायची नाहीत. समुद्रावरचे शिंपले, खडे, झाडांची पाने, फुले, बिया हेच मोजायचे, लहानमोठे लावायचे, रंगाप्रमाणे वेगळे करायचे. मुलांना बाहेर नेले की झाडे, पाखरे, ओढा हाच धडा! पाटीपेन्सिलीची घाई नव्हती.

१९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. तेथे नवी अडचण उभी राहिली. मोठी मुले गुरे चारायला जात आणि मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरी राहत. शाळेत या म्हणून घंटा वाजवून उपयोग नव्हता. मग गुरे चरतात त्या कुरणातच शिक्षक जाऊन बसले, ती कुरणशाळा. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणल्या, म्हणजे बाळ पाळणाघरात ठेवून ताईला वर्गात बसता येई. कितीतरी आदिवासी मुलींना शाळेची वाट अशी मोकळी झाली. भुकेल्या, दमलेल्या मुलांना घेऊन हे सारे रोज करणे सोपे नव्हते, हे मात्र विसरू नये.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी काम पुढे नेले; १९९२ साली त्याही गेल्या. ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने लहान मुलांसाठी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. तिच्या गावोगावच्या केंद्रांना नाव दिले गेले अंगणवाडी, बोर्डीच्या त्या अंगणांत ताराबाईंनी रूढ केलेले.