‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या साने गुरुजींनी टॉलस्टॉयचं कोणतं पुस्तक मराठीत आणलं?

टॉलस्टॉय म्हटलं की ‘वॉर अँड पीस’ आणि ‘अ‍ॅना कॅरेनिना’ आठवतात. पण साने गुरुजींनी मराठीत आणलेलं टॉलस्टॉयचं पुस्तक या दोन्हींपैकी नाही. त्यांनी अनुवादासाठी निवडलं ते कलेवरचं पुस्तक. मराठीतलं त्याचं नाव ‘कला म्हणजे काय?’

साने गुरुजी म्हणजे आई, अश्रू आणि संस्कार, एवढीच त्यांची ओळख अनेकांच्या डोक्यात असते. रडवणारा लेखक म्हणून त्यांची थट्टाही भरपूर झाली. पण त्यांनी टॉलस्टॉयचं नेमकं हेच पुस्तक का निवडलं असेल, याचा विचार केला की त्या साध्या, रडवणाऱ्या लिखाणाकडे वेगळ्या नजरेनं बघावं लागतं.

कोकणातला मुलगा खान्देशात आला

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोलीजवळच्या पालगडचा. घराणं खोतांचं, पण वडिलांच्या काळात कर्ज वाढलं आणि घरची परिस्थिती पार खालावली. १९१७ मध्ये आई यशोदा गेली. पुण्यात शिक्षण झालं आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी त्यांनी अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर गाठलं. प्रताप शेठ यांच्या पाठबळावर ही संस्था १९१६ पासून सुरू होती.

तिथं ते फार रमले नाहीत. १९२४ मध्ये त्याच अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणं, त्यांचे कपडे धुणं, आजारी मुलाजवळ रात्रभर बसणं ही कामं त्यांनी गाजावाजा न करता केली. मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हे हस्तलिखित दैनिक आणि ‘विद्यार्थी’ हे मासिकही काढलं. पांडुरंग सान्यांचे ‘साने गुरुजी’ झाले ते असे, खान्देशात.

तिकडे टॉलस्टॉयही मास्तर झाला होता

लिओ टॉलस्टॉय १८२८ मध्ये रशियातल्या यास्नाया पोल्यानाच्या उमराव घराण्यात जन्मला. जमीनजुमला प्रचंड. पण दोन वर्षांचा व्हायच्या आतच त्याची आई गेली. १८५९ मध्ये त्यानं आपल्या वाड्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली, शिक्षणावर मासिक काढलं, पुढे मुलांसाठी वाचनाची पुस्तकंही लिहिली.

पुढे हाच टॉलस्टॉय गांधीजींपर्यंत पोहोचला. १९०९-१० मध्ये दोघांचा पत्रव्यवहार झाला आणि गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या आश्रमाला नाव मिळालं टॉलस्टॉय फार्म. साने गुरुजी गांधीजींच्याच वाटेवरचे. त्यामुळे खान्देशातल्या या शिक्षकाला टॉलस्टॉय परका वाटण्याचं कारण नव्हतं.

‘कला म्हणजे काय?’ मध्ये आहे तरी काय?

हे पुस्तक टॉलस्टॉयनं १८९७-९८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लेखकानं स्वतः अनुभवलेली भावना वाचकाला लागण व्हावी तशी लागली, तर ती कला. ती माणसांना जोडणारी हवी आणि अडाणी शेतकऱ्यालाही कळायला हवी. मूठभर शिकलेल्यांनाच कळतं म्हणून ते थोर, हे त्याला मान्य नव्हतं.

या मापानं त्यानं शेक्सपिअर आणि बीथोवनची नववी सिंफनी बाद केली. इतकंच नाही, स्वतःचं लिखाणही वाईट कलेत टाकलं. वाचल्या त्या फक्त दोन साध्या गोष्टी. एक खुनाचा खोटा आळ आलेल्या व्यापाऱ्याची, दुसरी कॉकेशसमध्ये कैद झालेल्या सैनिकाची.

हे माप टोकाचं आहे, यात शंका नाही. त्यात जगातलं बरंच उत्तम साहित्य बसत नाही. पण चांगल्या कलेची उदाहरणं देताना टॉलस्टॉयनं व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’चं नाव घेतलं होतं. आणि ती कादंबरी ‘दुःखी’ या नावानं मराठीत कुणी आणली? साने गुरुजींनीच.

धुळ्याचा तुरुंग, नाशिकचा तुरुंग

१९३० मध्ये गुरुजींनी शाळेची नोकरी सोडली आणि सत्याग्रहात उडी घेतली. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावेही तिथंच होते. दर रविवारी विनोबा कैद्यांना गीतेचा एकेक अध्याय समजावून सांगायचे आणि गुरुजी ते लिहून घ्यायचे. आज घराघरांत असलेली ‘गीता प्रवचने’ आपल्यापर्यंत पोहोचली ती गुरुजींच्या या लिखाणामुळे.

तिथून नाशिकच्या तुरुंगात. ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली.

आता टॉलस्टॉयचं माप या पुस्तकाला लावून बघा. भावना स्वतः भोगलेली. भाषा घरात बोलतात तशी. कर्ज, अपमान, आईचं आजारपण हे कुठल्याही गरीब घराला समजावून सांगावं लागत नाही. ज्याला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवलं तरी पुरतं. समीक्षकांना जे भाबडं वाटलं, ते टॉलस्टॉयच्या हिशेबात कलेचं पहिलंच काम होतं.

शब्द आणि वागणं

टॉलस्टॉयची तगमग होती ती आपण लिहितो तसं जगत नाही याची. त्याच तगमगीत वयाच्या ८२ व्या वर्षी त्यानं घर सोडलं आणि नोव्हेंबर १९१० मध्ये अस्तापोव्हो या छोट्या रेल्वे स्टेशनवर त्याचा मृत्यू झाला.

गुरुजींनी हे अंतर उरू दिलं नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला झालेल्या काँग्रेसच्या पहिल्या ग्रामीण अधिवेशनासाठी ते राबले. खान्देशातल्या गिरणी कामगारांच्या बाजूनं उभे राहिले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केलं आणि मंदिर उघडलं. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. पण गांधीजींच्या हत्येनंतर ते आतून खचले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं.

तीन वर्षांनी आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ आला आणि उत्कृष्ट चित्रपटासाठीचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक घेऊन गेला.

गुरुजींच्या पुस्तकांचा कॉपीराइट आता संपला आहे, ती कुणालाही छापता आणि वाचता येतात. ‘श्यामची आई’ शाळेत वाचून झाली असेल, तर ‘कला म्हणजे काय?’ आता वाचा. साधं लिहिणं ही गुरुजींची मर्यादा होती की निवड, हे मग तुमचं तुम्हीच ठरवा.