सावित्रीमाई फुले : घर आणि कार्य

विहाराच्या वर्धापनदिनी आम्ही बाबासाहेबांचे व माता रमाईंचे स्मरण करतोच. यंदा, बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले त्या जोतिबा फुल्यांच्या पत्नी सावित्रीमाई यांच्याविषयी चार शब्द लिहीत आहोत. त्याला कारण आहे. आमच्या वस्तीतल्या आयाबहिणी पहाटे उठून डबे करतात, कामावर जातात, सासूसासऱ्यांचं दुखणंखुपणं बघतात. मग स्वतः शिकायचं कधी, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही.

माईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे, खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी झाला. १८४० साली, नवव्या वर्षी, लग्न झाले. जोतिबांनी त्यांना शिकविले. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली आणि माई शिक्षिका झाल्या. वाटेत लोकांनी अंगावर शेण-चिखल फेकला. लोकांच्या दडपणामुळे दोघांना सासऱ्यांचे घरही सोडावे लागले. तरी १८५४ साली ‘काव्यफुले’ हा त्यांचा कवितासंग्रह निघालाच.

१८५६ साली माई आजारी पडल्या, माहेरी गेल्या. भावाने शुश्रूषा केली. पण महारामांगांना शिकवता म्हणून बोलही लावले. माईंनी त्याला नीट समजावून सांगितले. आपल्यामागे फातिमाबींवर कामाचा किती भार पडला असेल, ही काळजी त्यांनी पत्रातून जोतिबांना कळविली. इथे आम्हांला थांबावेसे वाटते. एवढी मोठी बाई, पण तीसुद्धा एकटीने सगळं करत नव्हती.

१८६३ साली फुले दांपत्याने फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, वाढविला, डॉक्टर केला. १८८८ साली जोतिबांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ग्रंथ लिहून पुरा केला. त्यांची सेवा माईंनी केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिबा गेले. टिटवे कोणी धरायचे यावर भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा माई पुढे झाल्या आणि स्वतः टिटवे धरून चालू लागल्या. दुःख उरात ठेवून १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. यशवंतरावांनी हडपसरजवळ दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यातले गायकवाडांचे पोर आजारी असल्याचे कळताच माईंनी त्याला पाठीशी घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ते लेकरू आपल्याच समाजाचे होते, हे आपण विसरता कामा नये.

माईंनी जन्मभर सेवा केली, पण सेवेपायी स्वतःचं शिकणं, लिहिणं सोडलं नाही. ते जमलं, कारण नवऱ्याने पाटी हातात दिली, भावाने आजारपण काढलं, मैत्रिणीने शाळा ओढली. तेव्हा बंधूंनो, घरची बाई धम्मवर्गाला किंवा रात्रशाळेला निघाली, की त्या दिवशीच्या भाकरी आपण थापाव्यात, म्हाताऱ्यांचं औषधपाणी आपण बघावं. नुसता फोटोला हार घालण्यापेक्षा माईंना हीच खरी आदरांजली ठरेल.

जयभीम! नमो बुद्धाय!