टिळकांचे नागपुरांतील दिवस

कै. रे. नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म 1861 सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत करजगांवीं झाला. नाशिकास गणेशशास्त्री लेले ह्यांजपाशीं ते संस्कृत शिकले. पुढें नागपुरास श्रीमंत आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयास राहून त्यांनीं संस्कृत ग्रंथांचें काम केलें. परंतु जातिभेद व मूर्तिपूजा त्यांच्या बुद्धीस पटेनात. पुढें राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन सद्गृहस्थाची गांठ पडली. प्रथम बोलणें निघालें तें संस्कृत काव्याचें, धर्माचें मागाहून. आमच्या उपदेशकबंधूंनीं हें विसरूं नये. त्यांनीं दिलेला नवा करार टिळक केवळ वचनास जागून वाचूं लागले. डोंगरावरील प्रवचनाशीं येतांच मात्र पुस्तक खालीं ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई तेव्हां दुरावल्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालीं झाला.