नाना फडणवीसांनी कृष्णाकाठी बांधलेला मेणवलीचा वाडा

नदीकाठी आलिशान घर म्हटलं की आज आधी खिडकीतून दिसणारं पाणी आठवतं. नाना फडणवीसांनी वाईजवळ मेणवलीला वाडा बांधला, तेव्हा नदी नुसती बघायची नव्हती. रोजचं स्नान, संध्या, पाणी भरणं सगळं तिच्यावरच होतं.

नानांचं मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू, जन्म १७४२ चा, साताऱ्याचा. तीर्थयात्रेच्या ओढीने आई आणि बायकोसह ते भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर उत्तरेत गेले आणि १७६१ च्या पानिपतात सापडले. ते कसेबसे वाचले. आई मात्र कायमची दुरावली. तेव्हा ते १९ वर्षांचेही नव्हते.

१७६८ मध्ये मेणवली गाव त्यांना इनाम मिळालं. नानांनी तिथे वस्ती वसवली, कृष्णेला चंद्रकोरीसारखा दगडी घाट बांधला, मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ उभारलं. घाटावरची मोठी घंटा पोर्तुगीजांची आहे. तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते. पेशव्यांच्या या मुत्सद्द्याच्या घाटावर ती शोभते खरी!

वाडा पात्रात घुसत नाही. तो काठावर उंच उभा आहे आणि मागच्या दाराने घाटाशी जोडलेला आहे. पावसाळ्यात कृष्णा फुगली की पाणी आधी पायऱ्यांवर चढतं, म्हणजे नदीला वाढायला जागा ठेवलेली आहे. आजचे कित्येक नदीकाठचे बंगले नेमके इथेच चुकतात. आत सहा चौक आहेत. चौकातून उजेड आणि वारा खोल्यांत येतो, जाड भिंती उन्हाळ्याची धग अडवतात. श्रीमंती दिसते ती सागवानी खांबांत आणि भिंतींवरच्या चित्रांत.

या घराचा निवांतपणा नानांच्या वाट्याला फारसा आला नाही. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि बारभाईंचं कारस्थान उभं राहिलं. पुढे इंग्रजांशी युद्ध, १७८२ चा सालबाईचा तह, सवाई माधवरावांचा कारभार. बहुतेक आयुष्य पुण्यातच गेलं. १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, १७९७ च्या अखेरीस शिंद्यांनी नानांना कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. सुटून परत कारभारात आले, पण १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले.

मागे राहिलेली त्यांची पत्नी जिऊबाई तेव्हा अगदी लहान होती. पुढे तिने मेणवलीच्या या वाड्यात दीर्घ काळ काढला. नानांची कागदपत्रंही इथेच राहिली. इतिहासाचे अभ्यासक त्यांना मेणवली दप्तर म्हणतात.