चोवीस तासांचे कलम आणि बाबासाहेब

पोलीस कोठडीत मारहाण झाल्याची बातमी आली की आपल्याला मानवी हक्क आयोग आठवतो. राष्ट्रीय आयोग 1993 साली स्थापन झाला. कोठडीतल्या माणसाच्या रक्षणाची तरतूद मात्र त्याआधी 44 वर्षे बाबासाहेबांनी राज्यघटनेत करून ठेवली होती.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब 1922 मध्ये बॅरिस्टर झाले आणि पुढच्या वर्षापासून मुंबईत वकिली करू लागले. 13 नोव्हेंबर 1927 रोजी अमरावतीत भरलेल्या वऱ्हाडातील अस्पृश्यांच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. 1928 मध्ये महार वतनातील वेठीविरुद्ध त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. गरिबाला सरकार भेटते ते चावडीवर आणि फौजदाराच्या दारात, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

घटना समितीत व्यक्तिस्वातंत्र्याचे कलम दुबळे राहिले, अशी अनेक सभासदांची तक्रार होती. त्यावर उपाय म्हणून सप्टेंबर 1949 मध्ये बाबासाहेबांनी नवे कलम मांडले. तेच आजचे कलम 22. अटकेचे कारण सांगा, वकील घेऊ द्या आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा, असे ते सांगते. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला ते लागू नाही, ही त्याची मर्यादा. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कलम 20 ने आधीच रोखली आहे.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पुढे राष्ट्रीय आयोगाने कोठडीतील मृत्यू 24 तासांत कळवणे बंधनकारक केले. डिसेंबर 2024 मध्ये परभणीत कोठडी मृत्यू झाला, तेव्हा राज्य आयोगाने त्याची दखल घेतली. पण आयोग स्वतः शिक्षा देत नाही, शिफारस करतो. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, मंजुरी अजून दिलेली नाही.

म्हणून बांधवांनो, आपल्यापैकी कोणाला अटक झाली तर वेळ लिहून ठेवा, कारण विचारा, वकील बोलवा. मारहाण झाली असेल तर दंडाधिकाऱ्यापुढे सांगा आणि वैद्यकीय तपासणी मागा. आयोगाकडे तक्रार एका वर्षाच्या आत करा. बाबासाहेबांचे कलम वापरले तरच ते कोठडीपर्यंत पोहोचते.

जय भीम!