देहूच्या घराचा कर्ता : तुकोबाराय

तुकोबारायांचं नाव काढलं की आपल्यापुढे वीणा, टाळ आणि भंडाऱ्याचा डोंगर उभा राहतो. पण माउली हो, हा महापुरुष आधी एका घराचा कर्ता होता. दुकान, शेत, गुरंढोरं, देणंघेणं, आईबाप, भाऊ, बायकापोरं, सगळं त्यांच्या गळ्यात होतं आणि तेही मिसरूड फुटायच्या आत. आपल्या दिंडीत चालणारे बहुतेकजण शेतकरी, सालदार, दुकानदार. वारीचे दिवस थोडे, प्रपंचाचे फार. म्हणून दिंडीच्या शताब्दीच्या या स्मरणिकेत तुकोबांचं हे घरातलं रूप आठवायचं.

इ.स. १६०८ च्या सुमारास इंद्रायणीकाठच्या देहूत त्यांचा जन्म झाला. कुळ मोरे, आडनाव आंबिले. जातीने कुणबी, धंदा वाण्याचा, गावच्या पेठेची महाजनकी घरात. पूर्वज विश्वंभरबाबांपासून पंढरीची वारी या घरात चालत आलेली आणि विठ्ठल-रखुमाईचं देऊळही घरचंच. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरला सावजी, मधले तुकोबा, धाकटा कान्होबा.

बोल्होबा थकले. कारभार थोरल्याने हाती घ्यायचा, पण सावजीचं मन पहिल्यापासून विरक्त. मग तो भार तेरा वर्षांच्या तुकोबांवर आला. पोराने तो नीट उचलला. माप, उधारी, गिऱ्हाईक सांभाळलं. थोडी वर्षं बरी गेली. मग एकामागून एक घाव बसले. आईवडील गेले. भावजय गेली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेला. तुकोबा विशीलाही पोचले नव्हते.

त्यावर दुष्काळ पडला. १६३० चा तो दुष्काळ एकट्या देहूचा नव्हता, आपल्या खानदेशानेही तो सोसला. त्या साली पीटर मंडी नावाचा एक इंग्रज व्यापारी सुरतेहून आग्र्याला निघाला होता. नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर, बऱ्हाणपूर अशी त्याची वाट. या प्रवासात रस्त्याकडेला पडलेली प्रेतं आणि शेणातले दाणे वेचून खाणारी माणसं पाहिल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. पांझरेपासून इंद्रायणीपर्यंत एकच हाहाकार होता.

देहूत तुकोबांचे बैल गेले, दुकानाचं दिवाळं निघालं, पेठेतली पत गेली. पहिली बायको रखमाबाई दम्याने आजारी असायची, ती अन्न अन्न करत गेली. तिचा लहानगा संतूही गेला. ज्याच्या घरी धान्याचा व्यापार, त्याच्याच घरात माणसं भुकेने मेली. कर्त्या माणसाला याहून मोठं दुःख कोणतं असेल?

इथून तुकोबा भंडाऱ्यावर गेले. त्यांनी संसार सोडला असं बरेचजण समजतात, पण पुढचं वागणं बघा. वाडवडिलांचं विठ्ठलाचं देऊळ पडायला आलं होतं. ते बांधायला त्यांनी स्वतः कष्ट उपसले, माती कालवली, भिंती उभ्या केल्या. भजनाला बसायच्या आधी घाम गाळला.

मग आली ती कर्जखतांची गोष्ट. वडिलांच्या वेळेपासून लोकांनी घेतलेल्या कर्जाचे कागद घरात होते. ज्यांच्याकडून वसुली करायची त्यांच्याही चुली दुष्काळाने विझलेल्या. ती खतं इंद्रायणीत बुडवायचं तुकोबांनी ठरवलं. तेव्हा कान्होबा आडवा आला. त्याचं म्हणणं असं की दादा तू साधू झालास, पण मला माझा संसार बघायचा आहे. तुकोबा भावावर रागावले नाहीत, त्याला उपदेशही केला नाही. खतांचे सरळ दोन वाटे केले. कान्होबाचा अर्धा वाटा त्याच्या हाती दिला आणि आपला तेवढा नदीत सोडला.

माउली हो, या गोष्टीतला हा अर्धा वाटा आपण नेहमी विसरतो. कागद बुडवले तेवढंच सांगतो. पण तुकोबांचं मोठेपण त्या वाटणीत आहे. पुण्य करायचं ते आपल्या पदरचं घालून, भावाच्या हिश्श्यातून नाही. घराचा कर्ता म्हणून सगळे कागद त्यांच्या हातात होते. मनात आणलं असतं तर कोण अडवणार होतं? तरी भावाचा हक्क त्यांनी राखला आणि देणेकऱ्यांच्या मानेवरचं जोखडही उतरवलं.

या त्यागाचं ओझं मात्र दुसऱ्याही कोणी वाहिलं. त्या म्हणजे जिजाई. पुण्याच्या गुळवे सावकाराची ही लेक. माहेर भरलेलं, सासरी रिकामे डबे. कीर्तनात आपण तिच्या तोंडाळपणावर हसतो. पण पोरांना खाऊ घालायचं, दारी आलेल्याला वाढायचं आणि वर डोंगर चढून नवऱ्याला भाकरी पोचवायची, हे रोज तिनेच केलं. तुकोबा भंडाऱ्यावर निवांत बसू शकले ते तिच्या पायांवर. महादेव, विठोबा, नारायण हे मुलगे आणि काशी, भागीरथी, गंगा या मुली, एवढा संसार तिने ओढला.

पुढे अभंगांची वाणी फुटली. ती लिहून घ्यायला चाकणचे संताजी जगनाडे तेली पुढे आले. शिऊरच्या बहिणाबाईंनी, ब्राह्मण घरची बाई असून, या कुणब्याला गुरू केलं. ज्या रामेश्वरभटांच्या सांगण्यावरून वह्या डोहात गेल्या, तेच पुढे शिष्य झाले. वह्या तेराव्या दिवशी वर आल्या असं परंपरा सांगते. एकाच इंद्रायणीत खतंही गेली आणि गाथाही गेली. खतं बुडाली ती बुडालीच, गाथा मात्र तरली. नदीलाही काय ठेवायचं आणि काय परत द्यायचं ते कळलं म्हणायचं.

शके १५७१, म्हणजे इ.स. १६५०, फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा वैकुंठाला गेले. तीच आपली तुकाराम बीज. तेव्हा नारायणबाबा आईच्या पोटात होते. आणि ज्या कान्होबाने अर्धा वाटा मागून घेतला होता, त्याने भावासाठी असा टाहो फोडला की त्याचे शोकाचे अभंग आजही गाथ्यात तुकोबांच्या अभंगांशेजारी आहेत. वाटणी झाली, पण भाऊ तुटला नाही.

बापाचं तोंड न पाहिलेल्या त्या नारायणबाबांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानोबारायांच्या पादुका सोबत घेतल्या आणि ज्ञानोबा-तुकोबांच्या गजरात पंढरीची वाट धरली. आज आषाढीला दिंड्या ज्या रीतीने चालतात ती त्या घरातून आलेली. पिंपळनेरहून निघणारं आपलं पाऊलही त्याच मागाने पडतं.

आपल्याही घरी सोसायटीचं कर्ज आहे, दुकानाची उधारी आहे, भावाभावांत बांधाची कुरबूर आहे. पंढरीला जायच्या आधी एवढं करून बघावं. ज्याचा वाटा त्याला द्यावा. अडलेल्याला सोडायचं ते आपल्या हिश्श्यातून सोडावं. आणि आपल्यामागे घर सांभाळणाऱ्या माउलीला आधी नमस्कार करून मग खांद्यावर पताका घ्यावी. तुकोबारायांच्या घराला तोच खरा दंडवत.

रामकृष्ण हरी.