लुई आर्मस्ट्राँग आणि चर्चच्या नोंदवहीतील तारीख

जॅझ संगीताचे थोर ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांनी आयुष्यभर आपला वाढदिवस ४ जुलै रोजी साजरा केला. वर्ष ते १९०० सांगत. ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. १९१८ साली सैन्यभरतीसाठी भरलेल्या नोंदणीपत्रावरही त्यांनी हीच तारीख दिली होती. न्यू ऑर्लिन्सच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत जन्मलेल्या मुलाची तारीख लिहून ठेवायची कोणी? वडील घर सोडून गेलेले, आई काबाडकष्टांत गुंतलेली. सुरुवातीची काही वर्षे आजी जोसेफिन यांनीच त्यांना सांभाळले.

१९१२ च्या शेवटच्या रात्री, नववर्षाच्या जल्लोषात या मुलाने हवेत पिस्तूल झाडले आणि त्याची रवानगी मुलांच्या सुधारगृहात झाली. तेथील शिक्षक पीटर डेव्हिस यांनी त्याच्या हाती कॉर्नेट हे वाद्य दिले आणि शिक्षा वरदान ठरली. १९२२ मध्ये गुरुतुल्य किंग ऑलिव्हर यांनी त्यांना शिकागोला बोलावून घेतले. १९२५ ते १९२८ या काळात 'हॉट फाइव्ह' व 'हॉट सेव्हन' या वाद्यवृंदांसह त्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांनी जॅझमध्ये एकल वादकाला मानाचे स्थान मिळवून दिले.

वादक म्हणून त्यांची कीर्ती सर्वज्ञात आहे. त्यांचा संग्राहकाचा छंद मात्र फारसा परिचित नाही. १९१८ च्या सुमारास, नुकतेच लग्न झालेले असताना, त्यांनी ग्रामोफोन घेतला. त्यावर ते जॅझच्या तबकड्यांसोबत कारुसो, टेट्राझिनी अशा ऑपेरा गायकांच्या तबकड्याही ऐकत. १९५० च्या अखेरीस त्यांनी टेप रेकॉर्डर विकत घेतला आणि हा छंद ध्यासच झाला. दौऱ्यावर जाताना यंत्र सोबत असे. जुन्या तबकड्यांतील संगीत ते टेपवर उतरवून घेत. मित्रांच्या गप्पा, विनोद, घरातील साधे बोलणेही टिपून ठेवत. प्रत्येक टेपला क्रमांक देऊन आत काय आहे याची सूची ते स्वहस्ते लिहीत. टेपच्या खोक्यांवर छायाचित्रे व वर्तमानपत्रांतील कात्रणे चिकटवून ते सजवीत. अशा सुमारे ६५० टेप त्यांच्या मागे राहिल्या. १९६८-६९ मध्ये गंभीर आजारातून घरी परतल्यावर, ट्रंपेट वाजविण्यास डॉक्टरांची मनाई असताना, त्यांनी हा संग्रह नव्याने लावायला घेतला. हाती वाद्य नसलेल्या त्या दिवसांत हे काम त्यांना केवढा आधार वाटले असेल!

आपल्या गोमंतकीय वादकांवरही त्यांच्या शैलीची छाप होती. आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, यांना मुंबईत भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९६४ साली स्वतः आर्मस्ट्राँग मुंबईत येऊन गेले.

६ जुलै १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील आपल्या साध्या घरी त्यांचे निधन झाले. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी मानलेला एकाहत्तरावा वाढदिवस होऊन गेला होता. हयातभर प्रत्येक टेपची नोंद ठेवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या जन्माची खरी नोंद कधीच दिसली नाही.

ती नोंद होती न्यू ऑर्लिन्सच्या येशूच्या पवित्र हृदयाच्या चर्चमध्ये. १९८० च्या दशकात संशोधक टॅड जोन्स यांनी तेथील स्नानसंस्काराची जुनी नोंदवही चाळली. २५ ऑगस्ट १९०१ रोजी बाप्तिस्मा झालेल्या बालकाची जन्मतारीख ४ ऑगस्ट १९०१ अशी लॅटिनमध्ये लिहिलेली होती. त्याच ओळीत बाळाच्या वर्णाचा आणि ते विवाहबाह्य असल्याचाही उल्लेख आहे. तीन आठवड्यांच्या जिवाला त्या काळाने लावलेली ती विशेषणे आज वाचताना मन खिन्न होते. तरीही नोंद झाली होती, आणि जपलीही गेली होती. १९८८ मध्ये गॅरी गिडिन्स यांच्या आर्मस्ट्राँगवरील ग्रंथातून ही तारीख जगापुढे आली.

जॅझप्रेमींनी मात्र जुनी तारीख टाकून दिली नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे रेडिओ केंद्र जॅझ कलावंतांच्या वाढदिवशी दिवसभर त्यांचेच संगीत लावते. आर्मस्ट्राँग यांच्यासाठी त्याने ४ जुलै आणि ४ ऑगस्ट असे दोन्ही दिवस राखून ठेवले.